रहीम मेंबर आणि बारा जणांचा पगार

१ फेब्रुवारी २०२५ रोजी देवखडक नगरपंचायतीच्या सर्वसाधारण निधीत ४३,२१८ रुपये शिल्लक होते. त्याच दिवशी सफाईच्या बारा रोजंदारी कामगारांचे ऑक्टोबरपासूनचे चार महिन्यांचे पगार थकले होते. माणशी महिना दहा हजार चारशे या हिशेबाने ते ४,९९,२०० रुपये होत होते.

मी या नगरपंचायतीचा लेखापाल. नोव्हेंबरात निवृत्त होईन. गावातली माणसे मला नेहमी विचारतात की नगरपंचायतीला कोट्यवधी येतात, ते जातात कुठे? मी सांगतो, येतात हे खरे, पण रस्त्याचा पैसा रस्त्याला, नाल्याचा नाल्याला. कायम नोकरांच्या पगाराला शासनाचे अनुदान मिळते, रोजंदारीवाल्यांना मिळत नाही. त्यांचा पगार गावाने भरलेल्या घरपट्टी-नळपट्टीतून आणि आठवडी बाजाराच्या वसुलीतून द्यायचा असतो. गाव घरपट्टी भरत नाही. माझे हे बोलणे संपेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असतो.

हे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच नगरसेवक मला तीन वर्षांत भेटला. शेख रहीम, प्रभाग नऊ. बसस्थानकाच्या मागे त्याचे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तो उघडतो, जुनी तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो. वय बावन्न. सातवीपर्यंत शिकलेला. सभेची विषयपत्रिका आदल्या संध्याकाळी माझ्याकडून समजून घेतो आणि सभेत अर्धी विसरतो. एकतीस मतांनी निवडून आला. तेव्हापासून गावाने त्याचे नाव टाकले आणि त्याला मेंबर म्हणायला सुरुवात केली.

मेंबर होण्यात काय मिळते, याबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या आहेत. सभेला हजर राहिल्याचा भत्ता मिळतो. त्यात सभेला आलेल्या माणसाचे दिवसभराचे चहा भागतात. तोही मागच्या पाच सभांचा थकला होता. पण मेंबर झाल्यावर काय जाते, हे रहीमच्या दुकानात बसल्यावर कळते. ऑफिस सुटल्यावर घरी जाताना मी तिथे दहा मिनिटे टेकतो.

“मेंबर, पाच एचपीची जळाली. उद्यापर्यंत द्या, गहू सुकायलाय.”

“मागचे अठराशे हायेत अजून.”

“पळून चाललोय का? मत दिलंय तुमाला, घरातली सहा.”

“सहा मतं दिली म्हणून तार फुकट भेटत न्हाई बे. तारवाला बीडचा हाय, त्याचं मत न्हाई इथं.”

माणूस हसतो, मोटार ठेवून जातो. रहीम मोटार उघडतो. निवडणुकीच्या आधी त्याची उधारी वीस-पंचवीस हजारांच्या वर कधी गेली नव्हती. या फेब्रुवारीत ती दीड लाखावर होती. नगरसेवकाकडे पैसे मागायला लोक येतात, पैसे द्यायला कोणी येत नाही.

त्या पहिल्या तारखेलाच संध्याकाळी ताराबाई दुकानावर आली. बारा सफाई कामगारांतली ती सगळ्यात जुनी. ग्रामपंचायत होती तेव्हापासून झाडते. हातातला झाडू तिने दाराबाहेर टेकवला.

“मेंबर, चार महिने झाले.”

“ठाऊक हाय, ताराबाई.”

“तुमाला नुसतं ठाऊक हाय. किराणावाल्याला पाठ हाय. मला लांबून बघितलं की तो फोनवर बोलायला लागतो. कुणाचा फोन नसतोय, नुसताच कानाला लावतो.”

“ईदच्या आत देतो.”

“कुणाच्या खिशातून?”

“ते मी बघतो.”

“मागं अध्यक्ष म्हणले दिवाळीच्या आत. कोणती दिवाळी ते सांगितलं न्हाई. तुमी ईद तरी कोणती ते सांगा.”

“हीच. मार्चच्या शेवटाला येती ती.”

ताराबाईने माझ्याकडे पाहिले. “साहेब, तुमी साक्षीदार.”

ती गेल्यावर मी रहीमला म्हणालो की असा शब्द द्यायला नको होता. निधीत त्रेचाळीस हजार आहेत. तो जळालेली तार ओढून काढत होता. म्हणाला, “साहेब, गावाची घरपट्टी थकली किती?”

“बासष्ट लाख.”

“आणि माझी उधारी दीड लाख. दोन्ही त्याच माणसांकडं.” त्याने हातातली तार खाली ठेवली. “असं केलं तर?”

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर त्याने खडूने लिहिले: ज्याच्याकडे माझी उधारी आहे त्याने मला एक रुपया देऊ नये. तेवढी घरपट्टी नगरपंचायतीत भरावी, पावती आणून दाखवावी, उधारी माफ.

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत वसुलीची अशी योजना मी पाहिली नव्हती. खाजगी येणे असे सार्वजनिक वसुलीत वळवता येते का, याचा कोणताही नियम मला सापडला नाही, आणि मनाई करणाराही सापडला नाही. पावती घरपट्टीची, भरणारा घरमालक, त्यामुळे माझ्या बाजूने काही प्रश्न नव्हता. मी फक्त एवढेच त्याला सांगितले की पैसा एकदा सर्वसाधारण निधीत पडला की तो सफाईचा राहत नाही. त्यावर कोणाचे नाव नसते.

“तुमी हाय ना तिथं,” रहीम म्हणाला.

“मी लेखापाल आहे. सही मुख्याधिकाऱ्यांची आणि अध्यक्षांची.”

“पैसे तर येऊ द्या.”

आणि पैसे आले. ज्या माणसांनी रहीमचे पैसे बुडवण्याचे मनात पक्के केले होते, ती माणसे माफीचा शब्द वाचून खिडकीवर आली. एकाच खर्चात दोन देणी फिटतात, हे त्यांना लगेच समजले. वीस तारखेपर्यंत या योजनेतून १,१८,६५० रुपये जमा झाले. रहीम रोज संध्याकाळी मला आकडा विचारत होता. बीडच्या तारवाल्याचे फोन येत होते, ते तो बाहेर जाऊन घेत होता.

बावीस तारखेला वीज कंपनीने तलावावरच्या पंपघराची वीज तोडली.

पाणीपुरवठ्याचे बिल किती महिन्यांचे थकले होते ते इथे लिहीत नाही, तो आकडा वेगळा आहे. निदान सव्वा लाख भरा, मग जोडतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या गावाला पाणी तसेही आठ दिवसांनी येते. या वेळी शेवटचे येऊन बारा दिवस झाले. बायका घागरी घेऊन नगरपंचायतीच्या दारात बसल्या. त्यात रहीमच्या प्रभागातल्या सगळ्यात पुढे.

नगराध्यक्ष अर्जुनराव यांनी मला केबिनमध्ये बोलावले. त्यांना ऊस, पेट्रोलपंप आणि मोठा मळा आहे. कोणावर आवाज चढवत नाहीत. रहीम आधीच तिथे बसला होता.

“साहेब, निधीत किती?” अर्जुनरावांनी विचारले.

“एक लाख एकसष्ट हजार आठशे अडुसष्ट.”

“सव्वा लाख भरा विजेचे.”

“ते पैसे सफाईवाल्यांचे हायेत,” रहीम म्हणाला.

“कावून? नाव लिहिलंय का त्यांच्यावर?”

रहीमने माझ्याकडे पाहिले. नाव खरोखरच लिहिलेले नव्हते.

“रहीमभाई,” अर्जुनराव सावकाश म्हणाले, “बाहेर तुझ्याच प्रभागातल्या बाया हायेत. तू जाऊन सांग त्यांना, पाणी न्हाई, झाडूवाल्यांचा पगार करायचाय. तू सांगितलंस की मी लगेच पगाराच्या चेकवर सही करतो.”

रहीम उठला आणि दारापर्यंत गेला. बाहेर रिकाम्या घागरी आपटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो परत येऊन बसला.

“भरा,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आले. प्रभाग नऊमध्ये लोकांनी रहीमला हार घातला. मेंबरनी स्वतःची उधारी माफ करून पाणी आणले, असे कोणीतरी मोबाइलवर टाकले, फोटोसकट. फोटोत रहीमचा चेहरा दुखणेकऱ्यासारखा आहे. ताराबाईने तो फोटो त्याला दाखवला आणि विचारले, “हार झाडायला आमालाच यावं लागंल ना?”

मार्च सुरू झाला, रमजानही लागला. मार्चमध्ये वसुलीचा जोर असतो. सभेत रहीम उभा राहिला आणि म्हणाला की मोठ्या थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवा. तशी वसुली इतर गावांत होते. दारात हलगी वाजली की शेजारपाजार गोळा होतो आणि लाजेने माणूस पैसे काढतो.

“पहिली कुणाच्या दारात?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले.

“माझ्या. एकवीसशे चाळीस बाकी हाय माझी. दुसरी कुणाच्या, ते यादीत वाचा.”

यादीत सगळ्यात वर मोहनरावांचे मंगल कार्यालय होते. ३,१२,००० रुपये, पाच वर्षांचे. मोहनराव म्हणजे अर्जुनरावांचे साडू. सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिले.

“वाजवा की,” ते म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा.”

इतक्या सहज त्यांनी होकार दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मलाही तो एकच आकडा दिसत होता. त्यातून पाच महिन्यांतले अडीच महिने निघाले असते.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. मी, दोन कारकून, रहीम आणि हलगीवाला म्हाळू. म्हाळूला दिवसाचे सहाशे ठरवले होते. पहिली हलगी ठरल्याप्रमाणे रहीमच्या दारात वाजली. त्याची बायको मदिनाबी ओढणी सावरत बाहेर आली.

“रोज्याच्या दिवसात माझ्या दारात बाजा? कुणी सांगितलं?”

“मीच,” रहीम म्हणाला.

मदिनाबीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “भाऊ, किती हायेत याचे?”

मी आकडा सांगितला. ती आत गेली, पैसे आणून माझ्या हातात मोजले. “हे शाईस्ताच्या ईदच्या कपड्याचे होते. लेकीला चौसाळ्याला फोन करून तुमीच सांगा.” आणि दार लावून घेतले. म्हाळूने तेवढ्यात हलगी खाली केली होती.

वाटेत कापडवाल्याच्या दारात चार ठोके पडायच्या आत अठरा हजार निघाले. म्हाळू खूश झाला. “साहेब, हे लई बेस काम हाय. रोज असलं तर बरं,” तो म्हणाला.

साडेअकराला आम्ही मंगल कार्यालयापाशी पोहोचलो. तिथे लग्न होते.

हे आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. लग्नसराई आहे आणि मंगल कार्यालयात लग्न असते, एवढी साधी गोष्ट. पण आम्ही वसुलीची तारीख ठरवताना थकबाकी पाहिली, तिथी पाहिली नाही. अर्जुनरावांनी पाहिली असावी.

“वाजवू का?” म्हाळूने विचारले.

“वाजव,” रहीम म्हणाला. “लोक हायेत ते चांगलंच हाय.”

म्हाळूने हलगी वाजवली. त्याचा हात चांगला आहे, हे मला मान्य करावे लागेल. नवरदेवाकडची दहा-बारा पोरे फाटकातून धावत आली आणि नाचू लागली. एकाने म्हाळूच्या डोक्यावरून शंभराची नोट ओवाळली आणि त्याच्या खिशात घातली. म्हाळूने माझ्याकडे बघितले. मी त्याला थांबायची खूण केली. ती त्याने पाहिली की नाही मला सांगता येत नाही, पण त्याचा हात आणखी जलद चालू लागला.

तेवढ्यात माइकवरच्या माणसाने आम्हाला पाहिले. आमच्याकडे लग्नात असा एक माणूस असतोच. अक्षता पडेपर्यंत आलेल्या गेलेल्यांची नावे घेत राहणे हे त्याचे काम. “प्रभाग नऊचे कार्यसम्राट नगरसेवक रहीमभाई आणि नगरपंचायतीचे सर्व अधिकारी, कर्मचारी वधू-वरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी या ठिकाणी वाजतगाजत आलेले आहेत. त्यांचं मंडपात सहर्ष स्वागत. मोहनरावांनी त्यांचा सत्कार करावा, अशी मी विनंती करतो.”

मोहनराव फेटा बांधून बाहेर आले. मागे एक माणूस ताट घेऊन. माझ्या हातात थकबाकीची नोटीस होती. मोहनरावांनी ती वाचली नाही, विचारलेही नाही. ती डाव्या हाताने हळूच बाजूला केली आणि उजव्या हाताने माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. दोन्ही कारकुनांनाही टोपी-टॉवेल मिळाले. रहीमला फेटा बांधला.

“मोहनराव, आमी वसुलीला आलोत,” रहीम म्हणाला.

“असू द्या की. आधी जेवून घ्या.”

“रोजा हाय माझा.”

“मग अक्षता तरी टाका. पोरीच्या बापानं दोन एकर विकून लग्न लावलंय, त्याच्या दारात वाद नको. कार्यालय माझं हाय, पण आजच्या दिवस ते त्याचं हाय. खरं का खोटं, साहेब?”

मुलीचा बाप हात जोडून शेजारी उभा होता. त्याला वाटले आम्ही खरोखर आलो आहोत. दोनदा म्हणाला, “लई उपकार झाले, तुमी आलात.” त्यानंतर नोटीस पुढे करणे मला जमले नाही, रहीमलाही जमले नाही. आम्ही अक्षता टाकल्या. म्हाळू दुपारपर्यंत वाजवत राहिला.

परत येताना रहीम फेटा हातात घेऊन चालत होता. बसस्थानकाजवळ म्हणाला, “साहेब, पोलीस घेऊन गेलो असतो तर मोडलं असतं का लग्न?”

“मोडलं नसतं. पण बापाचं तोंड उतरलं असतं.”

“मग आता ताराबाईचं उतरंल.”

तसेच झाले. त्याच आठवड्यात बाराही जणांनी काम बंद केले. रमजानचा महिना, संध्याकाळी बाजार भरलेला आणि गटारी तुंबलेल्या. मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर कचऱ्याचा ढीग साचला. प्रभागातली माणसे रहीमला विचारू लागली की कामगारांना चढवले कोणी, आणि कामगार विचारू लागले की शब्द दिला कोणी.

चोवीस तारखेला पुढच्या वर्षाच्या आठवडी बाजार वसुलीचा लिलाव होता. दर वर्षी तो अर्जुनरावांचा एक माणूस घेतो. बाकीचे बोली लावणारे नावापुरते येतात आणि चहा पिऊन जातात. रहीम दर वर्षी उभा राहून हरकत नोंदवत असे. मागच्या वर्षी त्याच्या हरकतीमुळे बोली दोन लाखांनी चढली होती. माझ्या अंदाजाने त्या बाजाराची खरी किंमत चौदा लाखांच्या खाली नाही. हे मी लेखी दिले आहे.

लिलावाच्या आधी अर्जुनरावांनी आम्हा दोघांना पुन्हा केबिनमध्ये बसवले.

“बोली नऊ लाख नव्व्याण्णव हजाराला सुटेल,” ते म्हणाले. “चौथा हिस्सा जागेवर भरायचा. साहेब, किती होतात?”

“दोन लाख एकोणपन्नास हजार सातशे पन्नास.”

“आणि बारा जणांचे दोन महिन्यांचे?”

मला हिशेब करावा लागला नाही. “दोन लाख एकोणपन्नास हजार सहाशे.”

“आज पैसे भरले की आज पगार. मी सही करून ठेवतो. फक्त आज कुणी हरकत घेऊ नये. फेरलिलाव झाला तर एप्रिल उजाडंल.”

मी म्हणालो, “हे पुढच्या वर्षाचं उत्पन्न आहे. आणि वर्षाला चार लाख कमी येतील. ते कमी आले की पुढच्या मार्चला पुन्हा हेच होईल.”

“पुढच्या मार्चचं पुढच्या मार्चला बघू, साहेब. तुमी तर तेव्हा घरी असाल.”

रहीम चिडलेला असला की त्याच्या गालाची शीर उडते. ती उडत होती. “चारी महिन्यांचे द्या,” तो म्हणाला.

“दोनच निघतात. तूच मोज.”

सभागृहात बोली पुकारली. नऊ लाख नव्व्याण्णव हजार एक वार, दोन वार. पुकारणारा सवयीने रहीमकडे पाहून थांबला. सगळेच त्याच्याकडे पाहत होते. रहीम खाली मान घालून बसला होता. तीन वार झाले.

त्याच संध्याकाळी बाराही जणांच्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मशिदीची वाट झाडलेली होती.

ताराबाई दुकानावर आली तेव्हा मी तिथेच होतो. रहीम मोटारीत तार भरत होता. त्याने मान वर केली नाही.

“मेंबर, अर्धं आलं.”

“शब्द पुऱ्याचा होता. मला ठाऊक हाय.”

“तुमी हरकत घेतली न्हाई म्हणं औंदा. बाजारातले भाजीवाले बोलायलेत. मेंबरला किती मिळाले म्हणून विचारायलेत.”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, वीस हजार आठशे. मला मिळाले ते.” ती उठली. “त्यांना पटलं न्हाई.”

रहीमने हातातली तार तोडली. “पटणार बी न्हाई,” तो म्हणाला. “मलाच पटंना.”

ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पगार दिले, तोवर फेब्रुवारी-मार्चचे चढले, त्यामुळे थकबाकी चार महिन्यांचीच राहिली. मंगल कार्यालयाने घरपट्टी भरलेली नाही. रहीमने शटरवरचा खडू पुसला आहे आणि आता रोख पैसे असल्याशिवाय मोटार घेत नाही. त्यामुळे प्रभागात त्याच्याबद्दल जे बोलले जाते ते मी लिहीत नाही. विचारले तर तो एवढेच म्हणतो की पुढच्या लिलावात मी हरकत घेणार, पण आता माझी हरकत कोण ऐकणार?

हलगीवाल्या म्हाळूच्या मजुरीचे देयक मी दोनदा सादर केले. पहिल्यांदा दरपत्रक नाही म्हणून परत आले. दुसऱ्यांदा त्यावर शेरा आला की संबंधितास कार्यस्थळी बक्षिसी मिळाल्याचे समजते, खुलासा करावा. खुलासा केला आहे. म्हाळूचे सहाशे रुपये देणे बाकी आहे.